चीजचा तुकडा

नाशिकला ब्लॉग लिहिणाऱ्या आम्हा मैत्रिणींची वाइन आणि चीज चाखायची संध्याकाळ ठरली. मद्यत्याग अष्टमूलगुणांतलाच, त्यामुळे वाइनचा प्रश्नच नव्हता. मी घरूनच जेवून गेले होते, फक्त गप्पांसाठी.

ऊन अजून होतं. ताटात इटलीहून आणलेलं पार्मेजान आलं. शेजारची मैत्रीणही जैनच. "चीज म्हणजे दूधच की," म्हणत तिने तुकडा तोंडात टाकला. इटलीतलं अस्सल पार्मेजान करताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. आता चारचौघींत कसं सांगू? तिने दुसरा उचलला, तेव्हा मात्र हळूच सांगितलं. तिने तो रुमालात गुंडाळून ठेवला.

परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "पहिल्याच्या आधी का नाही बोललीस गं?"