जॅक गिळणारी माती

मूर्तिजापूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आगगाडीच्या गोष्टी आवडणारे लगेच म्हणतील, शकुंतला! याच जंक्शनवरून ही छोटी गाडी एकीकडे यवतमाळला, दुसरीकडे अचलपूरला जायची. रूळ अवघे 762 मिलिमीटर अंतरावर. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत राबलं. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे पाठवण्यासाठी इंग्रजांच्या काळात ही लाइन टाकली. आता गाडी बंद आहे. पण तो कापूस पिकवणारी काळी माती तिथेच आहे. आजची गोष्ट त्या मातीची.

श्रावणात आम्ही जीपने लाखपुरीला निघालो होतो. वाटेत टायर पंक्चर! गाडी डांबरावरून खाली घेतली, जॅक लावला. दांडा फिरवतोय, पण जीप वर येईचना. उलट जॅकच मातीत उतरत होता! कुणीतरी विटा आणायला निघालं, तेवढ्यात मागून एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरकाका उतरले.

"काय करून राह्यले भाऊ? ही काळी माती हाये, जॅक गिळते! अन् ईट नका लावू. लाकूड मोडाच्या अगुदर आवाज देते, ईट सांगत नाई."

त्यांनी ट्रकमधून बाभळीचा एक चौकोनी ठोकळा काढला. जॅक त्यावर ठेवला आणि काय गंमत, जीप अलगद वर आली!

असं का झालं? बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारे कण असतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती लोण्यासारखी होते. समजा, चाक उचलताना जॅकवर 450 किलो भार आला आणि जॅकचा तळ 100 चौरस सेंटीमीटर आहे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साडेचार किलो! ठोकळा 30 बाय 30 चा असेल तर जागा 900 चौरस सेंटीमीटर, आणि भार फक्त अर्धा किलो. रुळांखाली स्लीपर घालतात तेही याचसाठी.

काकांचा ठोकळा घरचाच. 30 सेंटीमीटर लांब, 10 रुंद आणि 5 जाड अशा तीन फळ्या शेजारी-शेजारी. त्यांच्यावर तशाच तीन आडव्या. रेषा एकमेकींना छेदतात, म्हणून लाकूड सहजी चिरत नाही. फळ्या नट-बोल्टने आवळलेल्या, बोल्टची डोकी आत बुजवलेली, उचलायला दोरीची कडी. लाकूड मात्र वाळलेलं, बिनभेगांचं हवं. बाबांना मदतीला घेऊन असा ठोकळा तुम्हीही करू शकाल.

पण एक लक्षात ठेवा. ठोकळा कितीही पक्का असला, तरी नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. काकांनी आधी हँडब्रेक ओढायला लावला, दुसऱ्या चाकांना दगड लावले आणि आम्हा मुलांना लांब उभं केलं. जॅक घसरला तर पळायला वेळ मिळत नाही.

2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला. रस्ता झकास आहे! पण त्याच्या कडेला पाऊल टाकलंत, की माती तीच.

खात्री करायचीय? ओल्या मातीवर एक वीट उभी ठेवा, दुसरी आडवी. कोणती जास्त रुतते, बघा बरं!