सुटलेला टाका

आमच्या घरात सिनेमा मिनिटांत मोजत नाहीत. विणकामात मोजतात. प्रभातचा ‘शेजारी’ (१९४१) म्हणजे स्वेटरची बॉर्डर अधिक चार बोटं. ‘माणूस’ (१९३९) जरा कमी भरतो, कारण मध्ये मध्ये सुया मांडीवर ठेवून नुसतं बघत बसावं लागतं.

हे गणित माझं नाही, छोटीचं. छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय वर्षं वीस, पुण्यात पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही मूळच्या कोल्हापूरच्या. सध्या कर्वे रोडच्या एका गल्लीत, दीड खोलीच्या फ्लॅटमध्ये दोघी राहतो. अर्ध्या खोलीत मी, माझा लॅपटॉप आणि माझ्या डेडलाइन्स. उरलेल्या एका खोलीत तिचे बोर्ड, टर्पेंटाइनचा वास आणि लोकरीचे गुंडे.

आर्ट स्टुडंटचं आयुष्य म्हणजे खांद्यावर झोळी, बोटांत ब्रश आणि दुपारी बारापर्यंत झोप, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. प्रत्यक्षात बाईसाहेब सकाळी साडेसहाला मंडईत असतात. रोज पंचवीस स्केचेस. पालेभाजीची जुडी बांधणारे हात, हमालाची वाकलेली पाठ, वजनकाट्यावर झोपलेलं मांजर. मग कॉलेज. स्टिल लाइफ, लाइफ ड्रॉइंग, सबमिशन. संध्याकाळी सातला घरी. नखांत कोळसा, खिशात वीस रुपये. वरण-भात झाला की लॅपटॉपवर एखादा जुनापुराणा सिनेमा आणि हातात १० नंबरच्या सुया. रोज. न चुकता.

याच ‘न चुकता’चा मला वैताग यायला लागला.

त्याचं कारण सांगायला हवं. गेल्या वर्षी माझं एक नियमित सदर अचानक बंद झालं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असं सदर म्हणजे घराचं भाडं. ते गेलं, आणि आधीच्या कामाचे दोन चेक ‘प्रोसेसमध्ये’ होते. (हा शब्द ज्यानं शोधला त्याला मला एकदा भेटायचंय.) रात्री अकराला मी इथे दहा ठिकाणी मेल टाकतेय आणि शेजारी ही शांतपणे दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट... डोकं फिरणार नाही तर काय?

नेमका त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. बाबा बँकेतून रिटायर झालेले. छोटीची फी पेन्शनमधून जाते. ते दर रविवारी मला एकच प्रश्न विचारतात, “तिचं नीट चाललंय न्हवं?” आणि मी दर रविवारी “हो” म्हणते.

त्या रविवारी मी “हो” म्हटलं नाही.

“खरं सांगू का बाबा, लक्ष नाही तिचं. नुसती विणत बसते आणि काळे-पांढरे सिनेमे बघते. पेंटिंग करताना मी तरी फार बघितलं नाही.”

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग पुढच्या वर्षीचा विचार करायला लागंल.”

फोन ठेवून वळले तर छोटी गॅलरीच्या दारात उभी. हातात वाळलेले टॉवेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं टॉवेलांच्या घड्या घातल्या, जागेवर ठेवल्या आणि आत गेली.

चार दिवस आमच्यात फक्त “दूध संपलंय” आणि “किल्ली ठेवलीये” एवढाच संवाद. पाचव्या दिवशी घरी आले तर ती जमिनीवर बसून स्वेटर उसवत होती. दोन महिने विणलेली अख्खी पाठ. सर्रकन धागा निघत होता आणि ती तो गुंड्याला गुंडाळत होती. माझ्या पोटात गोळाच आला.

“छोटे, माझ्यावरचा राग त्याच्यावर का काढतेस?”

“राग नाही गं ताई. खाली चौदाव्या सुईला चुकलं होतं. एखादा टाका सुटला असता तर क्रोशाच्या सुईनं वरपर्यंत उचलून आणता येतो, कळतही नाही. पण इथं मोजणीच चुकली होती. त्यावर वर कितीही चांगलं विणलं तरी ते वाकडंच जाणार.”

मी तिच्यासमोर बसले. उसवलेला धागा धरायला दोन हात लागतातच, तेवढं निमित्त पुरलं. आणि गेले वर्षभर मी जे विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं. “रोज हे सिनेमे कशाला बघतेस?”

तिनं मोबाइलवर स्वतःच्या एका चित्राचा फोटो काढला आणि तो ब्लॅक अँड व्हाइट केला. लाल, हिरवा, निळा इतका झगझगीत असलेला कॅनव्हास एका क्षणात सपाट राखाडी झाला. कशाचाच कशापासून पत्ता लागेना.

“सर म्हणाले, तुझा रंग चांगला आहे, टोन कच्चा आहे. म्हणजे उजेड-अंधाराची पट्टीच नाही. ती यांच्याकडे बघून शिकतेय. यांच्याकडे रंग नव्हताच ना, मग सगळं उजेडातच सांगायला लागायचं.” मग तिनं एक वही काढली. पानोपानी छोट्या चौकटी. थांबवलेल्या सिनेमातल्या फ्रेम्स, फक्त तीन छटांमध्ये. ‘संत तुकाराम’ (१९३६) एकट्याचीच दहाएक पानं होती. मी ती वही कधी उघडलीच नव्हती.

“आणि विणणं?”

“दिवसभर काढलेल्या प्रत्येक रेघेवर कुणीतरी काहीतरी बोलतं. मार्क असतात. इथं नसतात. हात मोकळा होतो.” मग हसून म्हणाली, “शिवाय ‘कुंकू’ नुसता ऐकतसुद्धा विणता येतो.”

ते खरंय. शांतारामबापूंनी १९३७ साली केलेल्या या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. घड्याळाचे ठोके, घरातले आवाज, माणसांचं बोलणं, एवढ्यावर सगळं चालतं. त्या रात्री आम्ही तो लावला. तिनं पहिल्यापासून टाके घातले. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला ठामपणे नवरा मानायला नकार देत होती, आणि मी विचार करत होते, मी फोनवर जे बोलले ते नेमकं कुणाचं वाक्य होतं?

बाबांचं होतं. मी मास कॉम करते म्हटल्यावर त्यांनी मला हेच ऐकवलं होतं, “लक्ष नाही तुझं.” तेव्हा मी रात्रभर रडले होते. आठ वर्षांनी तोच संशय मी जसाच्या तसा धाकटीच्या हातात दिला, तोही स्वतःचा चेक अडकलाय या रागात. मोजणी माझी चुकली होती, खूप खाली.

पुढच्या रविवारी बाबांना मीच फोन केला. म्हटलं, चूक माझी आहे. टोनचं सांगितलं, वहीचं सांगितलं. पलीकडे शांतता. मग मी आमच्या गावाचा हुकमी पत्ता टाकला. “बाबा, बाबूराव पेंटर आधी काय करायचे?”

कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं नसतं, तो सांगतोच! बाबूराव नाटकाचे पडदे रंगवायचे. मग त्यांनी १९२०मध्ये ‘सैरंध्री’ केला, सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि १९२९मध्ये त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली, चार वर्षांनी ती पुण्याला नेली. बाबा दहा मिनिटं बोलत होते. मग स्वतःच थांबले.

“म्हंजे सगळी रंगारीच की गं,” ते म्हणाले.

“हो ना.”

“बघू मग पुढच्या वर्षीचं. आणि तिला म्हणावं, ‘साधी माणसं’ पण बघ एकदा. भालजींचा. त्यात लोहाराच्या भट्टीचा उजेड आहे.”

सगळं गोड झालं असं नाही. फीचा प्रश्न आहेच, माझा एक चेक अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे, आणि छोटीचा टोन, तिच्याच शब्दांत, ‘पास होण्याइतका’ सुधारलाय. पण रविवारच्या फोनवर आता तिच्याबद्दल मला कुणी विचारत नाही. बाबा थेट तिलाच फोन करतात आणि विचारतात, काय बघितलंस?

आणि मी? मी मफलर विणतेय. तीस टाक्यांनी सुरुवात केली होती, काल मोजले तर चौतीस. वरचे चार कुठून आले, देव जाणे. छोटी म्हणते, उसव. मी म्हटलं, थांब, एवढा सिनेमा संपू दे.