चाकाची धाव

आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीच्या डोंगरावर उभं राहिलं की समोर हर्णैचा किनारा आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो. 1755 मध्ये कमोडोर जेम्सच्या तोफांनी झोडपलेला हा किल्ला आम्ही लहानपणापासून बघत आलेलो. त्यामुळे वाडीतल्या पोरांनी शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी तोफ करायची ठरवली, तेव्हा ती कशी करायची यावर फार चर्चा झाली नाही. पडलेल्या माडाचं खोड आणलं, काळा रंग फासला, झाली तोफ. अडलं ते गाड्यापाशी.

सुतारकाकांनी ऐनाच्या दोन जाड बाजू कापून दिल्या आणि म्हणाले, "पुढचं काम भाईंचं." भाई म्हणजे माझे अब्बा. घरामागे त्यांची भट्टी होती. एरवी तिथे कोयते, विळ्या आणि बिजागऱ्या व्हायच्या.

तोफेच्या दोन्ही अंगांना आडवे दांडे बाहेर आलेले असतात, त्यांना आम्ही कान म्हणायचो. सगळं वजन त्या कानांवर असतं आणि नळी वर-खाली होते तीही त्यांच्यावरच. कान लाकडातल्या खाचेत बसतात आणि त्यांच्यावरून कमानीसारखी लोखंडी पट्टी येते. ती नसेल तर बार उडताच नळी खाचेतून उसळेल. आमची तोफ काही उडणार नव्हती. तरी अब्बांनी पट्टी रीतसर केली, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्याला खीळ.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"बार नाही उडणार, पण आपल्या रस्त्याचे खड्डे आहेत ना!"

चाकं जुन्या बैलगाडीची होती. एका चाकाची धाव गंजून तुटलेली, म्हणजे नवी करणं आलं. घेर मी सुतळीने मोजला आणि तीच सुतळी लोखंडी पट्टीवर धरताना जरा ताणली. धाव तयार झाली, थंडच चाकावर सरकन बसली. मला बरं वाटलं, अब्बांचा चेहरा पडला. धाव चाकापेक्षा बोटभर लहान हवी. तापवून लाल केली की ती फुगते, तेवढ्या वेळात ठोकून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. ती आक्रसते आणि आरे, पुठ्ठे सगळे आतल्या तुंब्याकडे आवळून धरते. थंडच बसणारी धाव दुसऱ्या वळणावर निघून पडते. ती तोडून पुन्हा जोडण्यात अख्खा दिवस गेला. ते मला रागावले नाहीत, पण पुढे सुतळीला हातही लावू दिला नाही.

धाव भट्टीत असताना दारात उभ्या एकाने हसत विचारलं, "भाई, तुमच्या लोकांचं काय काम यात?"

मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो. उसळलोच. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी काढला, 1549 मध्ये अहमदनगरला मुलुखमैदान तोफ ओतणारा रूमी उस्ताद काढला. अजून दोन-चार नावं जिभेवर होती. तेवढ्यात अब्बा ओरडले, "पाणी!" धाव चाकावर चढली होती आणि लाकूड धुरकटायला लागलं होतं. मी बादली उचलली. विचारणाऱ्यानेही दुसरी उचलली. वाफ, चर्र आवाज, मग सांधे आवळताना लाकडाची करकर. त्या गडबडीत उत्तर राहून गेलं. आज वाटतं, मी दिलेली नावं खरी असली तरी उत्तर चुकीचंच होतं. गारद्याच्या गाड्यांच्या धावा कोणी चढवल्या, ते कुठे लिहिलेलं आहे?

मिरवणुकीत गाडा उतारावर एका खड्ड्यात आपटला. खोड उसळलं, पट्टीला धडकलं आणि परत बसलं. अब्बा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली.

गेल्या ईदला गावी गेलो तेव्हा गाडा एका पडवीत सापडला. बाजू वाळवीने खाल्लेल्या, खोड केव्हाच चुलीत गेलेलं. पट्टीची खीळ गंजून धरली होती, तेल घालून दोन ठोके दिले तेव्हा निघाली. धाव मात्र मला हलवता आली नाही.