जॉब उडवला, तरी रात्री हजर!

दिवाळीला घरी, गोंदियाला आलोय. परवा रात्री 2 वाजता फोन. "तू डिलीट केलेला जॉब पुन्हा चालतोय, मंथ-एंड अडकलंय!" च्यायला, निघायच्या आधी मीच तर एसएपीत एसएम37 उघडून उडवला होता.

लॅपटॉप उघडल्यावर ट्यूब पेटली. मी ईआरपीतला जॉब उडवला, पण त्याचा हुकूम येत होता बीडब्ल्यूतल्या प्रोसेस चेनकडून. ती रोज रात्री सुटते आणि ईआरपीत नवा जॉब टाकते. आज एक उडवा, उद्या दुसरा हजर. खरं तर आधी आरएसपीसीत जाऊन चेनच शेड्यूलमधून काढायची. मग दोन्हीकडे उरलेले 'रिलीज्ड' जॉब शोधायचे. चालू असलेला वेगळा थांबवायचा, तो आपोआप थांबत नाही. आणि हो, शोधताना युजरच्या रकान्यात चांदणी टाका. एसएम37 तिथे आपलंच नाव भरून ठेवतं, हे जॉब मात्र भलत्याच युजरच्या नावावर असतात. मला यादी रिकामी दिसली आणि साहेब खूश होऊन गाडीत बसले!

सकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "दूध बंद करायचं तर दूधवाल्याले सांगा लागते बाबू, पिशवी फेकून काय होते?"

तिकीट मात्र ऑन-कॉल असलेल्या ज्युनियरच्या नावावर पडलंय. बिचारा रात्रभर जागला. चूक माझी होती, असा मेल मॅनेजरला लिहायला घेतलाय. तीनदा खोडून झालाय.