जुनी काडी

न्यू जर्सीत घर घेतलं त्याच्या पहिल्याच मार्चमध्ये मी अंगणातली हायड्रेंजियाची तीन झुडपं कापून वीतभर उंचीवर आणली. नुसत्या करड्या काड्या उभ्या होत्या, टोकाला गेल्या वर्षीची वाळकी फुलं. हातात सिकेटर, आणि मी निफाडकडच्या द्राक्षबागेत वाढलेली. काडी दिसली की बोटं शिवशिवतात. जूनपर्यंत झुडपं कमरेइतकी झाली, पानं तळहाताएवढी. फूल एकही नाही.

तिकडे बाग सांभाळणाऱ्या आप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसले. "अगं, काडी फोडून बघितली होतीस का आधी?"

लाज वाटावी असाच प्रश्न होता. आमच्याकडे एप्रिलच्या खरडछाटणीनंतर जी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत धरतो. ऑक्टोबरची छाटणी तो डोळा राखून घ्यायची. कितव्या डोळ्यात घड आहे हे कळायला काड्या प्रयोगशाळेत तपासून घेतात. हायड्रेंजियाचं, म्हणजे मोठ्या पानांच्या, गोल गेंदाच्या जातीचं, गणित तेच आहे. अवधी तेवढा लांबतो. उन्हाळा उतरताना काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यात पुढच्या जूनचं फूल तयार होतं आणि बर्फाचे महिने तिथेच मिटून बसतं. मार्चमध्ये मी कापली ती फुलंच होती.

आता वाळकी फुलं हिवाळाभर राहू देते. खालच्या डोळ्यांना तेवढाच आडोसा. एप्रिल सरताना प्रत्येक काडीवरून हात फिरवायचा, शंका आली तर नखाने साल खरवडायची. खाली हिरवं दिसलं की काडी जिवंत. मग फक्त वाळकं फूल पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर कापायचं. मेलेली काडी बुंध्याशी. झुडूप दाटलं तर सगळ्यात जाड, जुन्या काड्यांपैकी दरवर्षी फार तर तिसरा हिस्सा मुळाशी काढते. उंची कमी करायचीच असेल तर फुलं उतरली की लगेच, जुलैअखेरच्या आत.

एवढं सांभाळूनही एप्रिलमधली एखादी कडाक्याची रात्र सगळे डोळे जाळून जाते. एकदा घरातल्या सगळ्या जुन्या चादरी झुडपांवर टाकल्या. सकाळी शेजारीण विचारायला आली, ड्रायर बिघडलाय का.

फाटकापाशीचं पॅनिक्युलाटा हायड्रेंजिया मात्र वेगळं. पांढऱ्या, निमुळत्या तुऱ्यांचं ते झुडूप नव्या फुटीवर फुलतं. मार्चमध्ये माझ्या हाताची खाज तिथे भागते.

लोक छाटणीपेक्षा गोल गेंदांच्या रंगाचंच जास्त विचारतात. मातीचा सामू साडेपाचच्या आसपास असला की मुळांना ॲल्युमिनियम मिळतं आणि फूल निळं होतं. माझं भिंतीलगतचं झुडूप गुलाबी आहे, कारण पायाच्या सिमेंटमधून चुना झिरपतो. चार हातांवरचं त्याच जातीचं झुडूप निळं. बुंध्याशी गंजके खिळे पुरा, असं सांगणारे इथेही भेटतात. खिळ्यात लोखंड असतं, बाबांनो!

मागच्या जुलैत आप्पा आले होते. पावसाचे दिवस, बागेची कामं जरा कमी. संध्याकाळी झुडपापाशी उकिडवे बसले, फूल उतरलेली एक काडी मोडून घेतली आणि चाकूने डोळा उभा चिरला. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"अजून काही धरलं नाही," म्हणाले, आणि ती काडी सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली.