दुसऱ्या संघाचा मालक

ऑनलाइन मॅनेजर खेळात बॅट हातात घ्यायची नसते. कुणाला विकायचं, कुणाला सरावाला लावायचं, सलामीला कोण, एवढं तुम्ही ठरवायचं. सामना संगणक खेळवतो. अशाच एका छोट्या क्रिकेटच्या खेळात मी पंचाचं काम करतो, गणपतीपुळ्यात बसून आणि फुकट. पोटापाण्याचा धंदा लॉजिंगचा. डोंगराची प्रदक्षिणा करून, मोदक खाऊन गिऱ्हाईक झोपलं की माझ्या चौकशा सुरू होतात. बहुतेक चौकशा एकाच संशयाच्या: हे दोन संघ एकाच माणसाचे तर नाहीत?

या प्रकारातला जुना आणि मोठा खेळ म्हणजे स्वीडनचा ‘हॅट्ट्रिक’. फुटबॉलचा, 1997 पासून चालू. एका गटात 8 संघ, 14 फेऱ्या, 16 आठवड्यांचा हंगाम. एक चांगला पोरगा घडवायचा तर हंगामामागून हंगाम जातात. तिथे आधीपासून दंडक होता, एका माणसाला एकच संघ. कारण बाजार. सगळ्यांचे खेळाडू एकाच लिलावात विकले जातात. दोन संघ हाताशी असले की दुसऱ्याने पहिल्याचा म्हातारा खेळाडू सोन्याच्या भावाने घ्यायचा आणि आपला घडवलेला पोरगा त्याला कवडीमोलाने द्यायचा. थोड्याच हंगामांत दुसऱ्याचं उसाचं चिपाड होतं आणि पहिला वरच्या गटात मिरवतो.

हे पकडायचं कसं? नव्या पंचाला वाटतं, इंटरनेटचा पत्ता जुळला की चोर सापडला. कोकणात बसून हे काम केलं की तो भ्रम लवकर फिटतो. एका घरात दोन भाऊ, मे महिन्यात मुंबईहून आलेले चुलतभाऊ, आणि सगळे एकाच वायफायवर. मोबाइल कंपन्या तर एकच पत्ता कितीतरी गिऱ्हाइकांत वाटतात. मालगुंडचा एक आणि चिपळूणचा दुसरा, ओळखदेख नसताना एकाच पत्त्यावर निघू शकतात. म्हणून पत्ता मी शेवटी बघतो. आधी भाव. त्याच वयाचा, त्याच ताकदीचा खेळाडू त्या आठवड्यात इतरांनी कितीला घेतला? शेवटची बोली कुणाची, आणि तिच्याआधी कुणी परका बोली लावत होता का? हंगामभर पैसा एकाच दिशेला वाहतोय का? आणि दोघांची गाठ पडली त्या दिवशी कुणाचा मुख्य गोलंदाज अचानक विश्रांतीवर गेला?

उत्तरंही ठरलेली असतात. “काका, तो माझ्या भावाचा संघ आहे.” असेलही. मी एवढंच लिहितो, मग पुढच्या लिलावात तुझ्या खेळाडूवर बोली लावू नको म्हणून भावाला सांग. खरा भाऊ असेल तर ऐकतो, आणि संघ चालू राहतो.

पण बंदीने माणसाची हौस जात नाही. एक डाव रचून तो फळाला यायला वर्ष-दीड वर्ष लागत असेल, तर जाणत्या खेळाडूला वाटणारच की बाजूला फिरकीवाला संघही करून बघावा. मग तो बायकोच्या नावाने निघतो. दुसरीकडे हॅट्ट्रिकमधल्या छोट्या देशांच्या लीगमध्ये माणसंच नसतात आणि रिकाम्या जागी संगणकाचे बॉट खेळतात. हॅट्ट्रिकने पुढे दुसरा संघ उघडपणे दिला, पण पहिल्याच्या देशात नाही, आणि पैसे भरणाऱ्या सपोर्टरांनाच. पहिली अट शहाणपणाची. दुसरी मला पटत नाही. सर्व्हर फुकट चालत नाहीत हे मान्य, पण ज्या परवानगीत गैरफायद्याची जोखीम आहे ती वागणूक बघून द्यावी, खिसा बघून नव्हे.

खऱ्या मैदानात वेगळं काय आहे? मुंबई इंडियन्सच्या मालकांचे केप टाउन, एमिरेट्स आणि न्यूयॉर्क असे संघ 2023 मध्ये आपापल्या लीगमध्ये उतरले. कुणी हरकत घेतली नाही, कारण ते एकमेकांसमोर येत नव्हते. वेगवेगळ्या देशांच्या लीगमधले संघ जिथे समोरासमोर यायचे ती चॅम्पियन्स लीग ट्वेंटी-20 तर 2014 नंतर भरलीच नाही. फुटबॉलमध्ये मात्र 2025 साली क्रिस्टल पॅलेसने एफए कप जिंकला, पहिलाच मोठा करंडक, आणि त्यांना युरोपा लीगऐवजी खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये बसवलं. त्यांच्या एका भागधारकाची मालकी फ्रान्सच्या ल्यों क्लबातही होती आणि दोघे एकाच स्पर्धेत येत होते. क्रीडा लवादापुढचं अपीलही फेटाळलं गेलं. आपल्याकडे कबड्डीच्या स्पर्धेत एकाच मंडळाचे ‘अ’ आणि ‘ब’ संघ उतरले तर जाणता आयोजक त्यांची गाठ लवकरच्या फेरीत घालतो. तेव्हा एकमेकांना देण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नसतं. युरोपच्या वकिलांना जे पानोपानी लिहावं लागलं, ते इथे टेबलावरचा माणूस ड्रॉ काढतानाच उरकतो.

आमच्या खेळात दुसऱ्या संघाचा प्रश्न आला तेव्हा मी बाजूने बोललो. आता पूर्ण हंगाम स्वच्छ खेळलेल्याला तो मिळतो, पैसे न घेता. दोन्ही संघांच्या पानावर मालकाचं एकच नाव दिसतं, दोघांची लीग वेगळी असते आणि आपसात खेळाडू विकता येत नाही. बायकोच्या नावाचे संघ अजून सापडतात, पण पूर्वीपेक्षा कमी.