गवताची भूक

मृगाच्या दोन-चार सरी झाल्या की आमच्या थेरगावच्या सोसायटीत माळीमामा खताची पिशवी बाहेर काढतात. उन्हाळाभर राठ पडलेलं लॉन तेव्हा नुकतं पोपटी फुटू लागलेलं असतं. मामा आधी वाकून पातीवरून हात फिरवतात. माती ओली हवी, पण पात कोरडी हवी. ओल्या पातीला युरियाचा दाणा चिकटला की तिथं करपल्याचा डाग पडतो. मग खत फोकत ते एकदा उभे चालतात, एकदा आडवे. वर लगेच पाणी. मी ओल्या तळहातावर चार दाणे घेते. ते विरघळताना हाताला गारवा लागतो.

"ताई, चौरस मीटरला दहा ग्रॅम. दोन-अडीच चहाचे चमचे. जास्त नाही," मामा बजावतात.

त्या मापामागे हिशोब आहे. युरियात 46 टक्के नत्र असतं आणि नत्रानं पात झपाट्यानं वाढते. नुसती पातच वाढली तर गवत लुसलुशीत पण नाजूक होतं, त्यावर रोग लवकर पडतो. मुळांना स्फुरद लागतं. तुडवणं आणि पाण्याचा ताण सोसायला पालाश. चाळलेलं शेणखत सावकाश पोसतं आणि मातीही भुसभुशीत करतं. कापलेल्या बारीक पाती तिथंच पसरू दिल्या, तर गवतानं घेतलेलं बरंचसं नत्र मातीला परत मिळतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गवताची वाढ मंदावते. तेव्हा त्याला भूक नसते आणि आपणही वाढायला जाऊ नये.

गवत किती सोसतं, ते महापालिकेच्या वेंगसरकर अकादमीच्या मैदानावर पाहावं. क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड इथंच, थेरगावात घडला. सीमारेषेजवळ चेंडूवर झेपावणाऱ्या पोराचं कोपर शाबूत राहतं ते खालच्या दाट मुळांमुळे. असं गवत एका रात्रीत हिरवं करता येत नाही. वर्षभर त्याच्या कलानं थोडं थोडं द्यावं लागतं.

आणि जे गवताला पचत नाही, ते कुठं जातं? नत्र पाण्यात सहज विरघळतं. खत टाकल्यावर धो धो पाऊस आला की ते मुळांखाली उतरतं किंवा गटारातून, नाल्यातून पवना नदीत जातं. केजूदेवी बंधाऱ्याच्या आसपास उन्हाळ्यात जलपर्णी पसरते. तिचा मोठा वाटा सांडपाण्याचा आहे, हे खरं. पण लॉनला हिरवं करणारं नत्र आणि स्फुरदच तिलाही पोसतं. आपल्या अंगणातला जास्तीचा घास नदीतल्या त्या जलपर्णीच्या तोंडी पडतो.

म्हणून मला वाटतं, सोसायटीच्या सभेत लॉनचा खर्च मांडला जातो, तसं खताचं मापही मांडलं जावं. लॉन जरा फिकं दिसलं की लोक माळ्याला बोल लावतात आणि तो घाईनं आणखी एक मूठ टाकतो. त्याऐवजी त्याला विचारावं: माती तपासली का, जोराचा पाऊस येणार आहे का, गवताला आत्ता खरंच हवंय का? फिकं गवत पंधरा दिवस थांबू शकतं. पवनेला आणखी भार नको.